सरबत म्हणायचं नाही

४ मे, रविवार
डॉक्टर म्हणाले, राग आला की बोलू नका, लिहा. म्हणून ही वही.

कंपनीने पाठवलं म्हणून गेलो, नाहीतर मला डॉक्टरची काय गरज? ब्लडप्रेशर मोजलं, आकडा बघून त्यांनी भुवया वर केल्या. मशीन जुनं होतं. तसं त्यांना सांगितलं, जरा सविस्तर सांगितलं. बाहेर बसलेली दोन पेशंट माणसं उठून गेली म्हणे. त्यांना दुसरं काम असेल.

पहिल्याच पानावर लिहून ठेवतो: मी चिडत नाही. मी स्पष्ट बोलतो. आवाज जन्मजात मोठा आहे, त्याला काय करणार? टाइल्सच्या गोदामात डिस्पॅच सुपरवायझर आहे, तिथे कुजबुजून एक खोकं हलत नाही. लोडर लोकांनी वर तक्रार केली, की साहेब अचानक ओरडतात आणि हातातला माल सुटतो. म्हणजे माल यांनी पाडायचा आणि ब्रेकेज माझ्या घशाच्या नावावर! नाचता येईना अंगण वाकडं.

आजचा राग: शून्य. अक्षर दाबून आलंय कारण पेन खराब आहे.

५ मे, सोमवार
लेकीचा फोन. पंचवीस तारखेला हिचा, म्हणजे माझ्या बायकोचा, पंचावन्नावा वाढदिवस आहे, त्याला येते म्हणाली. जावयासकट. चार दिवस राहणार. ही फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याकडे तोंड करून रडली. आनंदाने. दीड वर्षात लेक आली नव्हती.

का आली नव्हती? तर मी तिच्या नव्या घरी जेवायला गेलो असताना जावयाला सांगितलं, की तुझ्या बाथरूममधल्या टाइल्स वाकड्या बसल्यात. माझा धंदा आहे तो, मी नाही सांगणार तर कोण सांगणार? ही म्हणते, सांगितलं नाहीत, चौथ्या मजल्यापासून तळापर्यंत सगळ्यांना ऐकवलंत. त्याच्या आईलाही काहीतरी बोललो म्हणे. तेव्हा माझे दोन पेग झाले होते. सगळ्यांना ते कळलं. लेक तेव्हाही म्हणाली होती, की बाबा वाईट नाहीत गं, ती बाटली बोलते. अगदी खरं. बाटली बोलली. मी नुसता तिथे होतो.

आता लेकीची अट: बाबांनी प्यायची नाही. घरात दारू दिसता कामा नये.

मान्य केली. कपाटातली बाटली हिच्यासमोर बेसिनमध्ये ओतली. शब्द म्हणजे शब्द.

७ मे, बुधवार
दोन दिवस झाले, संध्याकाळी काय करायचं कळत नाही. ऊन असं, की पंखासुद्धा गरम वारा फेकतो. पाणी प्यायलो. पाणी हे काय पेय आहे?

फोनवर एका व्हिडिओत एक दाढीवाला सापडला. लिंबाचं हलकं पेय घरी करतो. लिंबं, साखर, पाणी, चिमूटभर यीस्ट. बाटलीत चार मनुका टाकायच्या. फसफसायला लागलं, की मनुका तळातून वर येतात. मनुका वर, पेय तयार. अल्कोहोल किती? फार तर दीड टक्का. कफ सिरपमध्ये याहून जास्त असतं.

याला दारू म्हणता येणार नाही. लेकीची अट दारूची आहे. कायद्याच्या भाषेत बघायला गेलं तर प्रश्नच मिटला. पंचवीस तारखेला स्वतःच्या हाताने केलेलं थंडगार पेय सगळ्यांपुढे ठेवीन. जावयापुढेसुद्धा. मोठ्या मनाने.

हिने विचारलं, एवढी लिंबं कशाला? सांगितलं, सरबत.

८ मे, गुरुवार
बेकरीवाल्याकडे यीस्ट मागितलं. त्याने विचारलं, ब्रेड की केक? म्हटलं, दोन्ही नाही. मग कशाला? म्हटलं, तुला काय करायचंय? यीस्ट विकतोस की चौकशी करतोस? तर तो म्हणे, काका, चिडू नका, प्रमाण सांगायला विचारलं. मी चिडलो नव्हतो. रांगेतल्या बाई उगाच मागे सरकल्या.

शेवटी पुडी दिली आणि म्हणाला, चिमूट पुरे. चिमूट कुणाची? त्याची बोटं बघितली तर त्याची एक चिमूट म्हणजे माझी मूठ. घरी येऊन सरळ चमचा वापरला. दोन चमचे. एक बॅचसाठी, एक खात्रीसाठी.

सहा काचेच्या बाटल्या भरल्या. झाकणं पान्याने आवळली. बेडरूमच्या कपाटात, वरच्या खणात, अंधारात. यीस्ट कशाला घातलं, असं ही विचारत होती. म्हटलं, पचनाला बरं. सरबतात घालतात हल्ली.

१० मे, शनिवार
दुपारी जेवून पडलो होतो. कपाटात स्फोट.

एक नाही, चार. ओळीने. हिच्या ठेवणीतल्या चादरी, माझा एकुलता एक सूट, सगळं चिकट. दाराच्या फटीतून सरबत वाहत आलं. (पेय वाहत आलं.) वॉचमन काठी घेऊन वर आला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी पोलिसांना फोन लावायला घेतला होता.

बाटल्यांची काच निकृष्ट. दुकानदाराला तसं सांगायला गेलो. तो म्हणाला, साहेब, या तेलाच्या बाटल्या आहेत, गॅस भरायला दिल्या नव्हत्या. चोराच्या उलट्या बोंबा! मी काय बोललो ते आठवत नाही, पण शेजारच्या चपलांच्या दुकानातून माणसं बघायला आली.

हिने काचा वेचल्या. एवढंच म्हणाली, की तुम्हाला लागलं नाही ना? मला लागायचं काय कारण? मला नुकसानीचा हिशेब दिसत होता. तसं बोललो. ती चादरी भिजवायला निघून गेली.

१३ मे, मंगळवार
बॅच दोन. या वेळी चिमूट. पाणी मात्र उकळून घेतलं, जंतू नकोत म्हणून. गरम असतानाच यीस्ट टाकलं, म्हणजे काम लवकर सुरू होईल. दाढीवाला म्हणतो, पाणी कोमट होऊ द्या. त्याला वेळ आहे. त्याला गोदाम सांभाळायचं नाही.

प्लॅस्टिकच्या सोड्याच्या बाटल्या आणल्या. फुटल्या तरी फुगतील आधी.

आज अकाउंटंटने विचारलं, काय साहेब, लिंबं फार नेताय, सरबताचा गाडा टाकताय की काय? सगळं ऑफिस हसलं. म्हटलं, सरबत म्हणायचं नाही. सरबत बायका-पोरं करतात. हे ब्रू आहे, मुरवून होतं, याला शास्त्र लागतं. तो म्हणाला, बरं बाबा, ब्रू. पण ज्या तऱ्हेने म्हणाला ते मला आवडलं नाही. दुपारभर त्याचं एकही चलन पास केलं नाही. नियमात बसत नव्हतं.

संध्याकाळी हिने पुन्हा विचारलं, अहो, खरं सांगा, हे नक्की काय आहे? म्हटलं, किती वेळा सांगू? सरबत! सरबत! सरबत! खालच्या आजोबांनी काठीने छत ठोकलं.

१६ मे, शुक्रवार
मनुका बुडाशी.

१७ मे, शनिवार
मनुका अजून बुडाशीच. फुगल्यात, पण हलायचं नाव नाही. लोडरांसारख्या. जेवणाची सुट्टी संपली तरी बसून.

सकाळी बाटली हातात धरून त्यांना दोन गोष्टी सुनावल्या. ही आतून धावत आली, कुणावर ओरडताय? म्हटलं, मनुकांवर. तिने माझ्या हातातली बाटली घेऊन ओट्यावर ठेवली. मग म्हणाली, लेक आल्यावर असं करू नका हं. मी म्हटलं, लेक आल्यावर मनुका वर आलेल्या असतील, प्रश्नच येणार नाही.

१८ मे, रविवार
दाढीवाल्याला खाली कमेंटमध्ये लिहिलं, की तुझी रेसिपी बोगस आहे. मोठ्या अक्षरांत. त्याने लगेच उत्तर दिलं, दादा, गरम पाण्यात यीस्ट मरतं, पाणी कोमट हवं. पुढे हात जोडल्याचं चित्र. म्हणजे माझ्यावरच उपकार!

बॅच दोन ओतून दिली. बॅच तीन लावली. पाणी तापाच्या थर्मामीटरने मोजलं. चिमूट माझी, मोजून एक. झाकणं बेताची. बाटल्यांवर गोदामातली स्टिकरं लावली: बॅच ३, नाजूक माल, वरची बाजू वर.

झाकण उघडून चाखायचं नाही, गॅस जातो. चाखणार नाही. संयम हा माझा मूळ स्वभाव आहे, लोकांना दिसत नाही एवढंच.

२१ मे, बुधवार
एक मनुका वर आली!!!

हिला हाक मारली. आली, बघितलं, बाटलीचं झाकण किंचित सैल करून वास घेतला. मी म्हटलं, अगं, गॅस! तिने झाकण लावलं. म्हणाली, हे आंबलंय. म्हटलं, आंबलं नाही, तयार होतंय, फरक आहे. तर माझ्याकडे बघून म्हणाली, मी लेकीला शब्द दिलाय. म्हटलं, मीही दिलाय, सरबताला कुणाची बंदी आहे? यावर ती आत निघून गेली. पटलं असणार.

राग: शून्य. आनंदाने छाती धडधडते आहे. डॉक्टरांचं मशीन आता लावा म्हणावं.

२३ मे, शुक्रवार
सगळ्या मनुका वर. बाटल्या दगडासारख्या कडक. दाढीवाल्याला कमेंट लिहायला घेतली, आभार मानायला. मग म्हटलं, राहू दे, डोक्यावर चढून बसेल.

पंचवीसचा प्लॅन: लेक हसत दारातून येईल. मी ग्लास भरीन. जावई विचारेल, बाबा, हे काय? मी शांतपणे सांगेन: ब्रू. तो विचारेल, कसं केलंत? मी शांतपणे सांगेन. टाइल्सचा विषय मी स्वतःहून काढणार नाही. त्याने काढला तर गोष्ट वेगळी.

२५ मे, रविवार, दुपारी १२
हिने सकाळी सकाळी बाहेर पिटाळलं. केक आणा, फुलं आणा, बर्फ आणा, मग फोन करून म्हणे मेणबत्त्या राहिल्या, त्या आणा. एरवी सगळं स्वतः आणते. वाढदिवस तिचा म्हणून गप्प राहिलो. फक्त फुलवाल्याला भाव चढवण्यावरून चार शब्द.

घरी आलो तर बाटल्या फ्रिजमध्ये! विचारल्याशिवाय हलवल्या. तळपायाची आग मस्तकात गेली. पण फ्रिजमध्ये डोकावलो तर मनुका वरखाली नाचतायत. इतक्या जोमाने कधी नाचल्या नव्हत्या. थंडी मानवली असेल. माफ केलं.

लेक चारला येते. ही आतल्या खोलीत पलंगावर नवी चादर घालते आहे. गाणं गुणगुणते आहे. कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं.

२५ मे, संध्याकाळी ७
लिहायलाच हवं असं नाही. पण डॉक्टर म्हणालेत.

लेक आली. बारीक झाली आहे. माझ्याजवळ येऊन माझ्या शर्टाचं बटण नीट लावलं आणि म्हणाली, बाबा, छान दिसताय. बॅगा आतल्या खोलीत ठेवल्या. जावई माझ्यासाठी पट्ट्याचं पाकीट घेऊन आला होता. पट्टा चांगला आहे, नाही म्हणत नाही.

ग्लास भरले. बर्फ. पहिल्या घोटातच मला कळलं, माल जोरदार झालाय. कानशिलं गरम झाली. दुसऱ्या ग्लासाला हातपाय हलके. लेक ऑफिसमधल्या गमती सांगत होती, ही पोट धरून हसत होती, मीसुद्धा हसलो. लेक अधूनमधून माझ्याकडे बघत होती. डोळे भरल्यासारखे. एकदा आईला म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते? मला ऐकू आलं. काय म्हणत होती ते विचारलं नाही.

तिसरा ग्लास. तेवढ्यात जावई म्हणाला, बाबा, सरबत एक नंबर झालंय.

सरबत.

एवढे दिवस, तीन बॅचेस, भिजलेला सूट, आणि हा उंटावरचा शहाणा सोफ्यावर टेकून म्हणतो सरबत! म्हटलं, सरबत कुणाला म्हणतोस रे? ज्याला चार फुटांची भिंत सरळ लावून घेता येत नाही, तो मला शिकवणार? एकदा सुरू झालं, मग थांबलंच नाही. टाइल्स. त्याची नोकरी. त्याची आई. मला माझी लेक दीड वर्ष दिसली नाही ती कुणामुळे, वगैरे. ग्लास टेबलावर आपटला तो फुटला. जावई उभा राहिला, म्हणाला, बाबा, माझं काही चुकलं का? त्या प्रश्नाने तर मी आणखीच.

लेक उठली. आत गेली, बॅगा घेऊन बाहेर आली. आईच्या गालावर गाल टेकवला. गेली.

केक खोक्यातच आहे.

चूक वगैरे म्हणत नाही. चढली. दाढीवाला दीड टक्का म्हणतो, माझं सहा-सातवर गेलं असणार. माझा हातच तसा आहे. आता दुःख एवढंच, की शब्द मोडला असं दिसेल. पण चढलेल्या माणसाचं कोण मनावर घेतं? मागच्या वेळी लेकीने समजून घेतलं, याही वेळी घेईल. उद्या फोन करून कबूल करतो: थोडी घेतली होती. एका वाक्यात प्रकरण संपेल.

२६ मे, सोमवार, दुपारी
जेवणाच्या सुट्टीत फोन केला. गोदामाच्या मागे, खोक्यांच्या आडोशाला. म्हटलं, काल चढली होती गं मला.

ती म्हणाली, कशाने?

म्हटलं, त्या बाटल्यांत होती. थोडी. लिंबाचं असलं तरी ब्रू होतं ते. तू मनावर घेऊ नकोस, तुला माहीत आहे, बाटली बोलते.

ती म्हणाली, आईला विचारा. आणि ठेवला.

२६ मे, संध्याकाळी
हिला विचारलं.

तिने शांतपणे सांगितलं. काल सकाळी मला फुलांना पाठवलं आणि बॅच तीन बेसिनमध्ये ओतली. सगळ्या बाटल्या. धुतल्या. लिंबं पिळली, साखर घातली, दुकानातून आणलेला सोडा भरला. मनुका मात्र त्याच ठेवल्या. तुमचं मन मोडू नये म्हणून, म्हणाली, तुम्ही रोज त्यांना बघायचात. सोड्यात काहीही टाकलं तरी वरखाली नाचतं. आणि लेकीला आधीच फोन करून सांगितलं होतं, निश्चिंत ये, घरात फक्त सरबत आहे.

मी म्हटलं, शक्य नाही. मग मला चढलं कसं?

ही म्हणाली, तेच मी कालपासून विचार करतेय.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

दाढीवाल्याच्या पानावर शोधलं, नुसत्या सोड्याने चढू शकतं का. तसं कुठे लिहिलेलं नाही. उन्हाने असेल. साखरेने डोकं फिरतं असं कुणीतरी म्हणालं होतं. बर्फ कुठल्या पाण्याचा होता, तेही बघायला हवं. बर्फवाल्याला विचारतो.

विचारलं नाही. चप्पल घालून दारापर्यंत गेलो आणि परत आलो.

२७ मे, मंगळवार
हिला म्हटलं, तू लेकीला सांग की थोडी होती त्यात. एवढंच सांग. उरलीसुरली, बुडाशी राहिलेली, काहीही. ही म्हणाली, मी खोटं बोलणार नाही, आणि बोलले तरी ती स्वतः दोन ग्लास प्यायली आहे.

२९ मे, गुरुवार
लेकीचा फोन आला. हिला. मी पेपर उघडून बसलो होतो. लेकीचं बोलणं फोनमधून ऐकू येत होतं, माझ्यासारखाच आवाज आहे तिचा, पण काल-परवापर्यंत माझ्या लक्षात आलं नव्हतं. म्हणाली, आई, मी एवढी वर्षं त्या बाटल्यांना शिव्या दिल्या गं. लहानपणी एकदा तर लपून फोडलीसुद्धा होती. मला वाटायचं, ती गेली की बाबा राहतील.

ही हं हं म्हणत चादरीच्या घड्या घालत होती.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, पुन्हा कधी यायचं म्हणते? आणि आता काय सोडायचं म्हणते, ते सांग. जे म्हणेल ते सोडतो. लिंबू म्हणाली तर लिंबूसुद्धा.

ही म्हणाली, या वेळी तिने काही अट घातली नाही.

क्षणभर मला बरं वाटलं.